जर्मनीतील पहिला आठवडा : कोणता कागद आधी, कोणता नंतर

जर्मनीत शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला पहिला आठवडा जड जातो, पण तो कामांच्या संख्येमुळे नव्हे. कामे मोजली तर आठ-दहाच भरतात. अडचण अशी आहे की प्रत्येक कामाला दुसऱ्या कामातून मिळणारा कागद लागतो. बँक नोंदवलेला पत्ता मागते, पत्ता नोंदवायला घरमालकाची सही लागते, घरमालक सहीआधी अनामत मागतो, आणि अनामतीचे पैसे ज्या खात्यात अडकलेले असतात ते खाते मोकळे करायला पुन्हा बँकच लागते. या चक्रात कुठून शिरायचे हे आधी ठाऊक असेल तर आठवडा पुरतो. नसेल तर महिनाही पुरत नाही. माझा पुरला नव्हता. खालील क्रम मी माझ्या चुका वगळून लावलेला आहे.

हा लेख हिवाळी सत्रासाठी, म्हणजे १ ऑक्टोबरच्या आगेमागे, पोहोचणाऱ्यांना समोर ठेवून लिहिला आहे. उपयोजित विज्ञानाच्या विद्यापीठांत, म्हणजे ज्यांना तेथे ‘होखशूले’ म्हणतात त्यांत, सत्र बहुधा महिनाभर आधी, १ सप्टेंबरला सुरू होते. त्या विद्यार्थ्यांनी तारखा तेवढ्या मागे सरकवून घ्याव्यात.

१. हातातल्या बॅगेत काय असावे

मोठी बॅग दोन दिवस उशिरा येऊ शकते, म्हणून पुढील कागद विमानात स्वतःजवळ ठेवावेत :

- पासपोर्ट आणि त्यावरील व्हिसा
- विद्यापीठाचे प्रवेशपत्र
- एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागद तपासून खरे असल्याचा दाखला (भारतीय विद्यार्थ्यांना ते नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचे आहे)
- दहावीपासून पदवीपर्यंतच्या मूळ गुणपत्रिका व प्रमाणपत्रे
- भाषेच्या परीक्षेचा निकाल
- ब्लॉक्ड खात्याचे, म्हणजे वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवलेल्या आणि दरमहा ठरावीक रक्कमच काढू देणाऱ्या खात्याचे, पुष्टिपत्र
- प्रवास विम्याचा आणि आरोग्य विम्याचा कागद
- खोलीचा करार आणि किल्ली कोणाकडून घ्यायची त्याचा पत्ता
- नियमित औषधे असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी. औषधे स्वतःपुरती, तीन महिन्यांच्या आत संपतील एवढीच

या सर्वांच्या दोन-दोन झेरॉक्स आणि फोनमध्ये स्कॅन केलेल्या प्रती असाव्यात. विद्यापीठात मूळ कागद दाखवावे लागतात, ते कोणाच्या हवाली करायचे नसतात.

कागदांइतकेच महत्त्वाचे आहेत लगेच वापरता येणारे पैसे. ब्लॉक्ड खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो भरलेले असले (सप्टेंबर २०२४ पासूनची ही रक्कम आहे) तरी त्यांतून महिन्याला ९९२ युरोच हाती येतात, आणि तेही खाते मोकळे झाल्यावर. अनामत, पहिले भाडे आणि महिनाभराचा खर्च भागेल एवढी तरतूद फॉरेक्स कार्डावर वेगळी ठेवावी. मी ती केली नव्हती, म्हणून पहिले तीन आठवडे वर्गमित्राच्या उधारीवर काढले.

आईने बांधून दिलेल्या डब्यांबद्दल एक नाजूक गोष्ट सांगणे भाग आहे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत आणण्यास बंदी आहे. म्हणजे घरचे तूप, पेढे आणि खवा घातलेले सर्व काही घरीच ठेवावे लागते. कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, आंबे अशा ताज्या मालालाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, आणि ते कोणाजवळ नसते. मसाले, पापड, चिवडा, चटण्यांच्या कोरड्या पुड्या यांना मात्र अडचण येत नाही.

२. पोहोचण्याचा वार नीट निवडावा

तिकीट काढताना आपण भाव पाहतो, वार पाहत नाही. मी शुक्रवारी संध्याकाळी पोहोचलो. वसतिगृहाच्या किल्ल्या हाउसमाइस्टरकडे असतात, म्हणजे इमारतीची देखभाल पाहणाऱ्या माणसाकडे, आणि आमच्या इमारतीत ते शुक्रवारी दुपारी बारालाच दार लावून गेले होते. दारावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर पुढची वेळ होती सोमवार, सकाळी आठ. दोन मोठ्या बॅगा घेऊन तीन रात्री प्रवाशांच्या होस्टेलमध्ये काढल्या, आणि त्यांचा खर्च स्वस्त तिकिटात वाचलेल्या पैशांहून जास्त झाला.

सोमवार ते गुरुवार, आणि शक्यतो दुपारच्या आत शहरात पोहोचाल असेच तिकीट घ्यावे. येण्याआधी आठवडाभर हाउसमाइस्टरला किंवा घरमालकाला ईमेल करून वेळ लेखी ठरवून घ्यावी. ३ ऑक्टोबर हा जर्मन एकीकरणाचा दिवस असून त्या दिवशी कार्यालये आणि दुकाने देशभर बंद असतात. सत्राच्या तोंडावर येणारी ही सुट्टी दर वर्षी नवख्यांना पकडते.

३. खोलीचा ताबा, किल्ली आणि टपालपेटी

ताबा घेताना एक नोंदपत्रक भरले जाते : भिंतीवरचे डाग, शेगडी, खिडकीची मूठ, किल्ल्यांची संख्या. घाईने सही करू नये. प्रत्येक ओरखडा त्यात लिहून घ्यावा आणि त्याच दिवशी फोटो काढून स्वतःलाच ईमेल करावेत, कारण खोली सोडताना अनामतीतून काय कापले जाईल ते या कागदावर ठरते. खाजगी घरात अनामत मूळ भाड्याच्या तिपटीहून अधिक घेता येत नाही. मूळ भाडे म्हणजे गरम पाणी, हीटिंग वगैरेंचा खर्च सोडून राहणारे, ज्याला तेथे ‘थंड भाडे’ म्हणतात ते. ही अनामत तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्याने भाडेकरूला आहे, हे फार थोड्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. उलट, खोली न दाखवता “पैसे पाठवा, किल्ली टपालाने येईल” असे कोणी म्हणत असेल तर तो घरमालक नव्हे, असे खुशाल समजावे.

दाराबाबत सावध राहावे. तेथील बहुतेक दारांना बाहेरून फिरणारी मूठ नसते, नुसता गोळा असतो. दार ओढले गेले की ते बंद, आणि किल्ली आत राहिली तर तुम्ही बाहेर. कुलूपवाला रात्री किंवा रविवारी आला तर शेकडो युरो घेतो. कचरा टाकायला जातानाही किल्ली खिशात हवी. दुसरी किल्ली भरवशाच्या सहाध्यायाकडे ठेवून द्यावी.

आता टपालपेटी. मला विचाराल तर साऱ्या आठवड्यातले हे सर्वांत छोटे आणि सर्वांत मोलाचे काम आहे. जर्मनीत पत्त्यात बहुधा खोली क्रमांक किंवा मजला नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक, पिनकोड आणि आडनाव एवढेच असते. पोस्टमन इमारतीच्या दाराशी पेट्यांची रांग पाहतो, लिफाफ्यावरचे आडनाव पेटीवर शोधतो, आणि ते सापडले नाही तर लिफाफा परत पाठवतो. माझ्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचे नाव तसेच होते. बँक कार्ड एका पत्रातून आणि पिन दुसऱ्या पत्रातून पाठवते. दोन्ही परत गेली, आणि ती पुन्हा यायला बारा दिवस लागले. म्हणून किल्ली हातात आली की पहिल्या तासात कागदाच्या पट्टीवर आडनाव ठळक लिहून, वर चिकटपट्टी लावून, ते पेटीवर आणि दाराच्या घंटीवर बसवावे. कायमची पाटी हाउसमाइस्टर नंतर लावून देतो.

४. पत्त्याची नोंदणी

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्ता नगर कार्यालयात नोंदवणे कायद्याने बंधनकारक आहे. या नोंदणीला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात, कार्यालयाला बहुतेक शहरांत ‘ब्युर्गरआम्ट’. हे दोन शब्द लक्षात ठेवावेत, ते सतत कानी पडतात. नोंदणीसाठी लागते ते एवढेच :

- पासपोर्ट व व्हिसा
- भरलेला अर्ज
- घरमालकाचे सहीचे पत्र, की अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून येथे राहते

तिसऱ्या कागदाचे जर्मन नाव एका दमात उच्चारता येत नाही, पण अडते त्यावरच. भाडेकरार त्याच्या जागी चालत नाही. किल्ली घेतानाच ते मागून घ्यावे, कारण एकदा किल्ली मिळाली की घरमालकाला गाठणे कठीण होते. “येथे राहा, पण नोंदणी करू नका” असे कोणी सांगत असेल तर ती खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. नोंदणीवाचून निवासपरवान्याचे गाडे पुढे सरकत नाही. प्रवाशांच्या होस्टेलमध्ये किंवा थोड्या दिवसांच्या सुट्टीच्या घरांत हा कागद सहसा मिळत नाही, हेही ध्यानात असावे.

कार्यालयात भेटीची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि मोठ्या शहरांत ती महिन्यापुढची दिसते. घाबरू नये. रद्द झालेल्या वेळा सकाळी लवकर पुन्हा मोकळ्या होतात, तेव्हा पान उघडून बसावे. बर्लिनमध्ये तर शहरातील कोणतेही ब्युर्गरआम्ट चालते, जवळचेच हवे असे नाही. शक्य असेल तर भारतातूनच वेळ घेऊन ठेवावी. दोन आठवड्यांत मिळालीच नाही तर आपण मुदतीच्या आत वेळ मागितली होती याचा ईमेल जपून ठेवावा. दंड कायद्यात आहे, पण प्रामाणिक विद्यार्थ्यावर तो लादलेला मी पाहिलेला नाही.

अर्जात धर्माचा एक रकाना असतो आणि तो शोभेचा नाही. कॅथलिक किंवा एव्हांजेलिक (म्हणजे प्रोटेस्टंट) असे नोंदवलेल्या व्यक्तीला पुढे आयकर लागू झाला की त्या कराच्या ९ टक्के (बव्हेरिया आणि बाडेन-वुर्टेम्बर्ग येथे ८ टक्के) चर्चकर भरावा लागतो. आपल्याकडील ख्रिस्ती विद्यार्थ्यांनी हे समजून मगच रकाना भरावा. हिंदू, मुस्लिम, बौद्ध विद्यार्थ्यांना हा कर लागत नाही.

नोंदणी झाल्याचे पत्र जागेवरच मिळते. खिडकीसमोरून उठण्याआधी नावाचे स्पेलिंग, जन्मतारीख आणि राहायला आल्याची तारीख तपासावी. याच नोंदणीमुळे काही आठवड्यांत अकरा आकडी करक्रमांक टपालाने आपोआप येतो. तो नोकरीसाठी लागतो, फेकून देऊ नये. पाठोपाठ रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचे पत्रही येते. महिन्याला १८.३६ युरोंची ही वर्गणी प्रत्येक घराला आहे, घरात टीव्ही असो वा नसो. ती माणशी नसून घरामागे असते, म्हणून चौघे एका फ्लॅटमध्ये राहत असाल आणि एकजण ती आधीच भरत असेल तर त्याचा वर्गणी क्रमांक कळवून मोकळे व्हावे. हे पत्र फसवणूक समजून केराच्या टोपलीत टाकणाऱ्यांना पुढे थकबाकीसकट भरावे लागते.

५. आपले तीन शब्दांचे नाव

मराठी माणसाच्या पासपोर्टवर स्वतःचे आणि वडिलांचे नाव एकाच रकान्यात, ‘गिव्हन नेम’ मध्ये, असते. जर्मन कारकुनाला ती दोन्ही तुमचीच नावे वाटतात आणि तो तशीच लिहितो. ते बरोबरच आहे. घोटाळा आपण करतो : विद्यापीठाच्या अर्जात वडिलांचे नाव लिहितो, बँकेत गाळतो, विमा कंपनीला नुसते आद्याक्षर देतो. मग विम्याची नोंद विद्यापीठाच्या संगणकाला जुळत नाही आणि कोणाचे काय चुकले ते कोणालाच कळत नाही. पासपोर्टवर जसे आहे तसे, अक्षर न अक्षर, सर्वत्र लिहावे. पेटीवर आणि घंटीवर मात्र फक्त आडनाव.

६. बँक आणि ब्लॉक्ड खाते

नोंदणीपत्र हाती आले की साधे चालू खाते उघडावे. त्याला ‘गिरोकोन्टो’ म्हणतात. काही ऑनलाइन बँका पासपोर्टवर आणि व्हिडिओ कॉलवर खाते देतात, शाखा असलेल्या बँका भेटीची वेळ देतात. विद्यार्थ्यांना महिन्याचे शुल्क माफ आहे का, हे विचारून घ्यावे. या खात्याचा आयबान (म्हणजे आंतरराष्ट्रीय पद्धतीचा खाते क्रमांक) आणि पासपोर्ट, नोंदणीपत्र वगैरे कागद ब्लॉक्ड खात्याच्या कंपनीला अपलोड केले की दरमहाचे ९९२ युरो त्यात जमा होऊ लागतात. हे काम मंगळवारी झाले तर पैसे बुधवारी येतील असे धरून चालू नये.

बेकऱ्या आणि छोटी उपाहारगृहे अजूनही पुष्कळ ठिकाणी रोख मागतात. पाकिटात तीस-चाळीस युरो असू द्यावेत.

७. आरोग्य विमा आणि विद्यापीठात नाव घालणे

विमा नसेल तर विद्यापीठ नाव घालत नाही. तीस वर्षांखालील विद्यार्थ्याला सार्वजनिक विम्याचा विद्यार्थी दर मिळतो, तो महिन्याला साधारण दीडशे युरोंच्या घरात पडतो. विम्याचा कागद तुम्ही नेऊन द्यायचा नसतो. विमा कंपनी विद्यापीठाला ऑनलाइन कळवते, आणि त्यासाठी तिला तुमचा प्रवेश क्रमांक व विद्यापीठाचे नाव द्यावे लागते. हे येण्याआधीच करता येते.

येथे दोन सापळे आहेत. पहिला असा की स्वस्तातला खाजगी विमा घ्यायचा तर सार्वजनिक विम्यातून सूट मागावी लागते, आणि ती सूट शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. पहिल्या वर्षी वाचवलेले पैसे दुसऱ्या वर्षी पश्चात्तापाने मोजणारे माझ्या माहितीत आहेत. दुसरा सापळा तारखांचा : सार्वजनिक विमा सत्राच्या आरंभापासून लागू होतो, म्हणून १२ सप्टेंबरला पोहोचणाऱ्याचा प्रवास विमा किमान ३० सप्टेंबरपर्यंत हवा.

नाव घातल्यावर सत्राचे शुल्क भरावे लागते. त्यात पुष्कळ विद्यापीठांत रेल्वे-बसचे सत्र तिकीट समाविष्ट असते. विद्यापीठाचे लॉगिनही याच वेळी मिळते. काही ठिकाणी त्याचा पासवर्ड टपालाने येतो, म्हणजे पुन्हा ती पेटीच.

८. व्हिसाची मुदत

पासपोर्टवरील व्हिसा बहुधा तीन ते सहा महिन्यांचाच असतो. पुढचा निवासपरवाना शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयातून घ्यायचा असतो, आणि तेथील गर्दी पाहता पहिल्याच आठवड्यात अर्ज किंवा भेटीची मागणी करून ठेवणे शहाणपणाचे. व्हिसा संपण्याआधी अर्ज केलेला असेल तर निर्णय होईपर्यंत तुमचे राहणे कायदेशीरच धरले जाते आणि तसे तात्पुरते पत्रही मागता येते. संपल्यावर केलेल्या अर्जाला हे संरक्षण आपोआप मिळत नाही. कॅलेंडरमध्ये मुदतीच्या आठ आठवडे आधीची तारीख लाल करावी.

९. फोन आणि प्रवास

प्रीपेड सिम सुपरमार्केटमध्येही मिळते, पण पासपोर्टवरून ओळख पटवल्याशिवाय ते सुरू होत नाही. व्हिडिओवर भारतीय पासपोर्ट अडला तर पोस्टाच्या काउंटरवर ओळख पटवण्याचा पर्याय बहुधा असतो. फोनमध्ये तीन क्रमांक नोंदवावेत : रुग्णवाहिका व अग्निशमनासाठी ११२, पोलिसांसाठी ११०, आणि रात्री ताप चढला पण जीवावरचे नाही अशा वेळी डॉक्टरांसाठी ११६११७.

सत्र तिकीट सत्राच्या पहिल्या दिवसापासूनच चालते. सप्टेंबरात आलात तर तोवर वेगळे तिकीट काढावे. छापील तिकिटावर काही शहरांत शिक्का मारून घ्यावा लागतो, आणि न मारलेले तिकीट हे तिकीट नसल्यासारखेच धरतात. दंड ६० युरो. देशभर चालणारे ‘डॉइचलँड तिकीट’ स्थानिक गाड्यांसाठी आहे. लाल पट्ट्याच्या वेगवान आयसीई गाडीत ते चालत नाही, आणि हे मला तिकीट तपासनिसाने अतिशय सौम्य शब्दांत समजावून सांगितले होते.

१०. रविवार, कचरा, बाटल्या

रविवारी किराणा दुकाने बंद असतात, उघडी असतात ती मोठ्या रेल्वे स्थानकांतली. शनिवारी संध्याकाळपर्यंत दूध, पाव, तांदूळ आणून ठेवावेत. कचऱ्याचे डबे वेगवेगळे असतात : कागदाला निळा, प्लॅस्टिकच्या वेष्टनांना पिवळा, ओल्या कचऱ्याला बहुधा तपकिरी, उरलेल्याला काळा किंवा करडा. शेजाऱ्यांशी पहिला संवाद प्रायः याच विषयावर होतो. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीवर २५ सेंट ठेव आकारलेली असते. बाटली चेपू नये, सुपरमार्केटमधील यंत्रात परत टाकून पावती काउंटरवर दाखवावी. रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ आहे, त्यामुळे मिक्सर आणि कुकरच्या शिट्ट्या नवाच्या आत उरकाव्यात.

घरचे दोन पिनांचे चार्जर तेथील सॉकेटमध्ये बसतात, तीन पिनांचे प्लग बसत नाहीत. अडॅप्टर सोबत न्यावा. विजेचा दाब आपल्यासारखाच, २३० व्होल्ट.

११. पहिले व्याख्यान

वेळापत्रकात वेळेपुढे दोन अक्षरे दिसतात. ‘१० सी. टी.’ असे असेल तर व्याख्यान सव्वादहाला सुरू होते. लॅटिनमधील या जुन्या संकेताला तेथे शैक्षणिक पाव तास म्हणतात. मी पहिल्या दिवशी दहाला पोहोचलो आणि रिकाम्या सभागृहात पंधरा मिनिटे खोली चुकली की दिवस, याचा विचार करत बसलो. ‘एस. टी.’ असे असेल तर मात्र ठरलेल्या ठोक्याला सुरुवात होते. आपल्या एस. टी.वरून अंदाज बांधू नये, ही वेळेवर सुटते.